आधी पट्टी पुसा, मग ब्रँड विचारा

मे लागला की गाडीच्या इंजिन ऑईलच्या शंका वाढतात. या खेपेला चार घेतोय.

प्रश्न : नवी पेट्रोल गाडी आहे. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलंय. नेहमीचे मिस्त्री म्हणतात, "इंदूरच्या उन्हात याचं पाणी होईल, २०डब्ल्यू-५० टाका." काय करू? (रामबाग)

मिस्त्रींचा हात चांगला असेल, पण हे ऐकू नका. बाहेर ४३ अंश असोत नाहीतर ८, इंजिन तापलं की ऑईल साधारण ९० ते ११० अंशांवर काम करतं. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर त्यासाठीच बसवलेत. डब्ल्यूच्या पुढचा आकडा सांगतो, १०० अंशांना ऑईल किती दाट राहील. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा.

आता तुम्ही म्हणाल, इंदूरला बर्फ कुठे पडतं? नाही पडत. पण रात्रभर उभ्या गाडीचं ऑईल खाली, इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरलेलं असतं. किल्ली फिरवल्यावर ते वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत पोचायचं असतं, आणि इंजिन जास्त झिजतं ते याच थंड सुरुवातीला. ४० अंशांवर, म्हणजे आपल्या दुपारच्याच तापमानाला, २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-२० च्या तिपटीहून दाट असतं. शिवाय नव्या इंजिनांतलं व्हॉल्व्हचं टायमिंग पुष्कळदा ऑईलच्या दाबावर हलतं. जाड ऑईलने ते मंदावतं, मायलेजही उतरतं. २०डब्ल्यू-५० वाईट नाही. पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर सांभाळून ठेवली असेल तर खुशाल टाका.

प्रश्न : कॅस्ट्रॉल, सर्वो, मोबिल, शेल... नेमका कुठला? (पलासिया)

ग्रेड (०डब्ल्यू-२० वगैरे) आणि दर्जा जुळत असेल तर यातला कुठलाही. डबा फिरवून मागची बाजू वाचा. पेट्रोल गाडीसाठी एपीआय (अमेरिकेची पेट्रोलियम संस्था) हिचा एसपी हा दर्जा २०२० पासून आहे. पुस्तिकेत एसएन, म्हणजे आधीचा दर्जा, लिहिला असेल तरी एसपी चालतं. मी ब्रँडपेक्षा दुकान बघतो. बनावट मालाचं भय खरं आहे, म्हणून झाकणाचं सील आणि बॅच नंबर पाहूनच पैसे द्यावेत. आणि रिकामा डबा दुकानात सोडू नका, झाकणाला भोक पाडून टाका. तो पुन्हा भरला जाऊ शकतो.

प्रश्न : बीएस-६ डिझेल आहे. ऑईल कमी व्हायचं सोडून ते मोजायच्या पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर गेलंय! कोणी टाकलं नाही. (राजेंद्रनगर)

हे ऑईल नाही, त्यात उतरलेलं डिझेल आहे. तुमच्या गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो भरला की इंजिन जादा डिझेल सोडून काजळी जाळतं. घर ते राजवाडा अशीच फेरी असेल तर जळणं अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं. ऑईल पातळ होतं. बेअरिंगचं त्यात भलं नाही. खुणेच्या वर गेलं असेल तर तारखेची वाट न बघता बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी देवासच्या रस्त्याला वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात चालवा.

ऑईल मात्र पुस्तिकेत असेल तेच, बहुधा एसीईए या युरोपीय दर्जाचं सी२ किंवा सी३, म्हणजे कमी राखेचं. काजळी जळते, ऑईलमधली राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये साचतच जाते. स्वस्तातलं ट्रकचं ऑईल टाकून वाचवलेले पैसे तिथे कैक पटीने जातात. ऑईल लवकर काळं होतं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये ते होतंच.

प्रश्न : गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. ऑईल बदलायचं का? (लोकमान्यनगर)

हो, वर्षातून एकदा. छोट्या फेऱ्यांत ऑईल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही.

बदलताना चेंबरच्या नटाचं वॉशर नवं घालायला सांगा. माझ्या गाडीला एका गॅरेजने जुनंच चपटं झालेलं वॉशर पुन्हा बसवलं होतं. अंगणातल्या फरशीवर रुपयाएवढा डाग दिसायचा, मी त्याला एसीचं पाणी समजत राहिलो. पुण्याला निघालो तेव्हा मानपूरच्या घाटात ऑईलचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, दहा मिनिटांनी पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली. टोक कोरडं. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी, चहाच्या आधी, सपाट जागेवर आणि थंड इंजिनावर, पट्टी बघतो.