रोमन कांस्य नाण्यांच्या नव्या संग्राहकास

आपण चौथ्या शतकातील लहान नाण्यांपासून सुरुवात करावी. ती विपुल असल्याने परवडतात. इ.स. ३३० पासून रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पाडलेल्या एका प्रकारात पुढे शिरस्त्राणधारी रोमा (रोम नगरीची देवता), तर मागे जुळ्यांना (रोमचे दंतकथेतील संस्थापक रोम्युलस व रेमस) दूध पाजणारी लांडगी व तिच्यावर दोन तारे दिसतात. दुसऱ्या प्रकारात दोन सैनिकांमध्ये दोन ध्वजदंड असतात. ३३५ च्या सुमारास नाणे लहान झाले आणि एकच ध्वजदंड उरला, म्हणून ते अवश्य मोजावेत. चित्राखालची अक्षरे टांकसाळ सांगतात.

नवखे लोक हमखास नाणे घासून चकचकीत करतात आणि शतकांचा गंज-थर, त्यासोबत बारीक कोरीवकामही, कायमचे गमावतात. कृपया तसे करू नये. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटू लागल्यास ते नाणे तत्काळ वेगळे, कोरड्या जागी ठेवावे.