वाचकांचे प्रश्न : थंडीतले पाहुणे, पळसावरची गर्दी

प्रश्न : जानेवारीत भिगवणला नावेतून रोहित (फ्लेमिंगो) टिपले. वेळ दहा ते बारा, लेन्स १५०-६००, शटर १/२०००. तरी एकाही फोटोत पिसांची कड स्वच्छ नाही. लेन्स सदोष असेल का? (कोथरूड)

उत्तर : लेन्सला बोल लावू नका, दोष वेळेचा आहे. साडेनऊ-दहानंतर उन्हाने चिखलाचे पट्टे आणि उथळ पाणी तापतं, वरची हवा थरथरू लागते. शंभर मीटरवरचा रोहित तुम्ही त्या थरथरत्या हवेतून बघत असता. शटर कितीही वाढवलं तरी त्याला इलाज नाही. ओळखायची खूण अशी : हात किंवा नाव हलली असेल तर फोटो एका दिशेला ओढल्यासारखा दिसतो. हवेचा दोष असेल तर मान पाण्यात बुडवून बघावी तशी वेडीवाकडी दिसते, आणि लागोपाठच्या दहा फोटोंत ती दहा तऱ्हांची असते.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण शंभर किलोमीटर. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून पहाटे साडेचारला निघा, उजाडायच्या आधी कुंभारगावच्या काठावर असा आणि साडेनऊला कॅमेरा खाली ठेवा. कॅमेरा गाडीच्या उबेतून थेट थंड हवेत काढला तर हूडमधली (लेन्सपुढच्या नळकांड्यातली) गरम हवाही असाच त्रास देते. पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा.

नावेत इंजिन चालू असताना लेन्स काठावर टेकवू नका, सगळी थरथर तिच्यात उतरते. कोपर गुडघ्यावर ठेवा. नावाड्याला सांगा, ऊन पाठीशी घेऊन लांबूनच इंजिन बंद कर आणि नाव वाहू दे. थव्याकडे लक्ष ठेवा. चोची पाण्यात आहेत तोवर सगळं ठीक. बऱ्याच माना एकदम वर आल्या आणि पक्षी एकाच दिशेला चालू लागले की तिथेच थांबा. त्यापुढे ते पाण्यावरून धावत उडतात. ते उड्डाण देखणं दिसतं खरं, पण आपल्या फोटोसाठी त्यांना चरण्यातून उठवणं मुळीच योग्य नाही. पाणी उतरेल तसे उथळ पट्टे वाढतात, म्हणून फेब्रुवारीत पुन्हा जा.

प्रश्न : बगळ्याचा फोटो नेहमी पांढरा डाग येतो, आणि आकाशात उडणारा पक्षी काळा. (वारजे)

उत्तर : दोन्हींचं मूळ एकच. कॅमेरा चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी मध्यम करड्यावर आणू बघतो. काळसर पाण्यात छोटा बगळा असला की कॅमेरा चित्र उजळवतो आणि बगळा जळतो : भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) -०.७ ते -१ ठेवा. पांढुरक्या आकाशात घार असेल तर +१ ते +१.३. मात्र बगळ्याने चौकट भरली तर गणित उलटं होतं आणि पांढरा रंग मळकट येतो, तिथे थोडं अधिककडे जा. चक्रवाक बसलेला असताना भगवा दिसतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पंख उघडतो तेव्हा आतले पांढरे पट्टे जळतात. आधीच -०.३ करून ठेवा.

प्रश्न : पहिली दुर्बीण ८×४२ की १०×५०? (हडपसर)

उत्तर : ८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहापटीत हाताचा कंपही दहापट दिसतो, आणि ५० वाली तासाभरात मानेला जड होते. कवडीपाटला नदीच्या काठाकाठाने पळणारे तुतवार आणि धोबी असे छोटे पक्षी बघताना मोठ्या आकारापेक्षा रुंद दृश्य कामाला येतं.

प्रश्न : डिसेंबरात वेताळ टेकडीवर पिवळसर, इवलासा, वाकड्या चोचीचा पक्षी दिसला. गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ होती. पुस्तकात सापडत नाही. (पौड रस्ता)

उत्तर : जांभळ्या शिंजिराचा नर. विणीचा हंगाम संपला की तो झळाळी उतरवून असा साधा वेष घेतो, उरते ती गळ्यावरची रेघ. फेब्रुवारीपर्यंत बहुतेक नर पुन्हा पूर्ण निळे-जांभळे होतात, तेव्हा पळस, पांगारा, गिरिपुष्प फुललेलं असतं. ही झळाळी रंगद्रव्याची नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेची आहे. ऊन तुमच्या पाठीशी नसेल तर तोच पक्षी कोळशासारखा काळा येतो. उतारावरचा पळस निवडा आणि वरच्या बाजूला उभे राहा, म्हणजे शेंडा डोळ्यांच्या पातळीवर येतो. शिंजिराच्या मागे फिरू नका. एका फांदीवर फोकस लावून थांबा, शटर १/१६००. तो त्याच फुलांवर परत येतो. पळसमैनांचा थवा आला तर तो सगळं झाड भरून टाकतो. तेव्हा पूर्ण थव्यापेक्षा कडेच्या एकटीवर नेम धरा.

प्रश्न : एप्रिलमध्ये सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टिटवीची चार अंडी दिसली. मुलं रोज मोबाइलवर फोटो काढतात. कुंपण घालावं का? (वाघोली)

उत्तर : फोटो आजच थांबवा, ही आमची कळकळीची विनंती. एप्रिलच्या दुपारी टिटवी अंडी उबवायला बसत नाही, सावली द्यायला बसते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही जवळ उभे असताना ती ओरडत घिरट्या घालते आणि तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात भाजतात. शिवाय तुम्ही कुठे वाकता हे कावळा बघत असतो.

जाळीचं कुंपण नको. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागतात आणि जाळीत अडकतात. गाड्या येत असतील तर पाच-सहा मीटर लांब, चार बाजूंना मोठे दगड ठेवा, आणि तेही संध्याकाळी ऊन उतरल्यावर, एका फेरीत. उबवण साधारण चार आठवडे चालते. पिल्लं निघाली की मुलांना गाडीत बसवा, लांबवर उभी करून इंजिन बंद करा, काच अर्धी खाली. माणसाची आकृती दिसली नाही तर टिटवी लवकर शांत होते, आणि पिल्लं तिच्या पोटाखाली शिरताना काचेतूनच दिसतात.