मिशरी, बेदाणे आणि कडक ब्रश
दातांविषयी वाचकांचे प्रश्न आणि दंतवैद्यांची उत्तरे

प्रश्न: सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. लग्न झाल्यापासून मिशरी लावतात, दिवसातून चार-पाच वेळा. ‘बंद केली की दात ठणकतात, हिरड्यांतून रक्त येतं आणि पोट साफ होत नाही,’ असं म्हणतात. या वयात मिशरी सुटेल का?
– एक वाचक भगिनी, खटाव तालुका

उत्तर: सुटेल. त्यांच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, तेव्हा आधी त्यांना खोटं पाडणं थांबवा.

मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. भाजली तरी तिच्यातलं निकोटीन संपत नाही आणि हिरडीवर चोळलं की तिथूनच रक्तात उतरतं. निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे हिरडी आजारी असूनही रक्त फारसं येत नाही. मिशरी थांबली की रक्तपुरवठा सुधारतो आणि आत दडलेली सूज रक्ताच्या रूपाने दिसू लागते. मग घरातलेच म्हणतात, ‘बघा, सोडल्यावरच दात बिघडले,’ आणि डबी पुन्हा बाहेर येते. हे टाळायचं तर मिशरी सोडण्याच्या आठवड्यातच दात साफ करून घ्या. हिरडीखाली साठलेला दगडासारखा थर निघाला की रक्त येणं बहुधा काही आठवड्यांत कमी होतं. त्या थराच्या आधारानेच उभा असलेला एखादा दात त्यानंतर हलताना जाणवेल. तो साफ केल्यामुळे सैल झालेला नसतो. त्याच्या मुळाभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं.

सोडायची रीत अशी. येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा. तोवर रोजच्या वेळा कागदावर मांडा: उठल्यावर, चहानंतर, रानातून आल्यावर, रात्री. ज्या वेळेची ओढ सगळ्यात कमी ती आधी बंद करा, सकाळची शेवटी. ठरल्या दिवशी डबी, तवा आणि तंबाखू घराबाहेर जाऊ द्या. शेजारणींनाही सांगून ठेवा, कारण मिशरी बहुतेक वेळा गप्पांबरोबर हातावर येते. पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं हे सारं होतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तल्लफ आली की ती बहुधा पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ भाजलेली बडीशेप किंवा लवंग तोंडात धरावी. मिशरीच्या जागी सुपारी मात्र नको. पोटासाठी सकाळी दोन पेले कोमट पाणी आणि रात्री एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यातून द्या. तल्लफ आवरत नसेल तर निकोटीनची गोळी किंवा पट्टी मिळते, पण त्यांना रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो.

आजच एक गोष्ट करा. उजेडात बसवून त्यांचे ओठ, गालाची आतली बाजू, हिरड्या आणि जिभेच्या कडा पाहा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, एखादी गाठ यांतलं काहीही दिसलं तर सातारा किंवा कराडला जाऊन तपासून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

प्रश्न: आमचा बेदाण्याचाच व्यवसाय. मुलगा ४ वर्षांचा आहे, दिवसभर खिशात बेदाणे असतात. चॉकलेट आम्ही देतच नाही, तरी दाढा काळ्या पडल्या. बेदाणा तर पौष्टिक ना?
– एक वाचक, तासगाव

उत्तर: पौष्टिक आहे, पण त्याच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग साखर असतो आणि तो दाढेच्या खाचेत चिकटून बसतो. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. दर खाण्यानंतर साधारण अर्धा तास हे आम्ल दाताचं कवच विरघळवत राहतं, मग लाळ ते भरून काढते. दर दहा मिनिटांनी दोन बेदाणे तोंडात गेले तर लाळेला ती उसंतच मिळत नाही. म्हणून किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे जास्त महत्त्वाचं.

बेदाणे बंद करू नका, खिसा बंद करा. मूठभर बेदाणे जेवणाबरोबरच द्या आणि वर पाणी प्यायला लावा. सकाळी आणि रात्री झोपण्याआधी वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन तुम्ही स्वतः त्याचे दात घासा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाही. पेस्टमध्ये फ्लोराइड किमान १००० पीपीएम असावं, हे ट्यूबवर वाचून घ्या. फेस थुंकायला सांगा, पण नंतर पाण्याने चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. रात्री झोपताना गोड दुधाची बाटली चालू असेल तर तीही सोडवा. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. ‘पडणारच आहेत’ म्हणून काळ्या दाढा तशाच ठेवू नका.

प्रश्न: मी रोज कडक ब्रशने मीठ लावून जोर देऊन दात घासतो. तरी गार पाणी लागलं की कळ येते.
– एक वाचक, वाई

उत्तर: कळ बहुधा त्या जोरामुळेच येते. आडवं रगडल्याने हिरडी मागे सरकते आणि हिरडीलगत दाताला खाच पडते. तिथे कवच नसतं, त्यामुळे थंडावा थेट नसेपर्यंत पोचतो. मिठाचे खडे ही झीज वाढवतात. राखुंडी आणि विटेची पूडही तेच करतात.

मऊ ब्रश घ्या आणि पेन धरतो तसा धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीकडे तिरपे ठेवून जागच्या जागी हलकेच हलवा, मग दाताच्या टोकाकडे फिरवा. दोन मिनिटं पुरे. ब्रशचे केस पसरले की तो बदला, एरवी दर तीन महिन्यांनी. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरा. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. लिंबू सरबत, चिंच किंवा आवळा खाल्ल्यावर अर्धा तास दात घासू नका, कारण आम्लाने मऊ झालेलं कवच ब्रशखाली झिजतं. खाचेत नख अडकत असेल तर ती भरून घ्यावी लागेल.

प्रश्न: ऊस दातांनी सोलला तर दात मजबूत होतात, असं घरचे म्हणतात. खरं का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर: नाही. कवच एकदा तयार झालं की घासून किंवा चावून वाढत नाही. कांडं सोलताना पुढच्या दातांना पिळा बसतो आणि टवका उडतो. आधी भरलेला किंवा रूट कॅनल केलेला दात तर उभा चिरू शकतो. ऊस कोयत्याने सोलून, गंडेऱ्या करून दाढेने चावा आणि मग चूळ भरा. शिवणकामातला दोरा आणि बाटलीचं झाकण यांनाही दात लावू नका. पक्का दात मुळासकट निघून पडलाच तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवा, घासू नका. जमलं तर लगेच त्याच जागी बसवा, नाहीतर कपभर गार दुधात ठेवा आणि अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.