आधी विचार, वार एक की दोन?

प्रिय मुली,

पोटात जुळी आहेत हे कळल्यावर पोट किती वाढेल, नोकरीचं काय, दोघांना दूध पुरेल का, हे सगळं तू एका दमात विचारलंस. या प्रश्नांना अजून वेळ आहे. ज्याला वेळ नाही तो एकच: वार, म्हणजे पोटात बाळांना पोसणारी प्लॅसेंटा, एक की दोन?

रिपोर्ट काढ. त्यावर नुसतं ‘जुळी गर्भधारणा’ लिहिलं असेल, तर तो अपुरा आहे. डायकोरिऑनिक म्हणजे वारा दोन, मोनोकोरिऑनिक म्हणजे दोघांत एकच. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत हे सर्वांत नीट कळतं. दोन बाळांमधला पडदा वारेला टेकतो, तिथे जाडसर त्रिकोण दिसला तर ती लॅम्डा खूण, म्हणजे वारा दोन. पातळ पडदा काटकोनात टेकला तर टी खूण, म्हणजे वार एक. पुढे तो त्रिकोण पुसट होतो, शेजारच्या वारा चिकटून एकच भासतात, आणि मग छातीठोक सांगणं कठीण जातं. म्हणून मी हट्ट धरते आणि धरणारच.

‘एकसारखी असतील का’ हा प्रश्न वेगळा, त्यात अडकू नकोस. एकाच बीजातली जुळी पहिल्या तीनेक दिवसांत विभागली तर त्यांनाही दोन वारा असतात.

वार एक असेल तर दोघांच्या रक्तवाहिन्या तिच्यात जोडलेल्या असतात. काही वेळा रक्त एकाकडून दुसऱ्याकडे जास्त वाहतं. एकाभोवतीचं पाणी आटतं, दुसऱ्याभोवती साचतं. म्हणून १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. वेळेत सापडलं तर लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात. पोट अचानक ताणलं, धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस. वारा दोन असतील तर साधारण चार आठवड्यांनी तपासणी पुरते. वार एक आणि मध्ये पडदाच नसेल तर नाळा गुंततात. तिथे वेगळीच देखरेख लागते.

सुरुवातीच्या आठवड्यांत कधी एका बाळाच्या हृदयाचा ठोका थांबतो. तसं झालं तर तुझ्या चालण्या-उचलण्याला दोष देऊ नकोस, त्याने ते होत नाही.

लोह आणि फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील तितकंच घे. तिघांचं जेवण जेवायचं नाही.

पुढच्या वेळी पडदा वारेला टेकतो त्या जागेचा फोटो मागून फाइलला लाव. कुठलं बाळ डावीकडे, कुठलं उजवीकडे, हेही लिहून घे, म्हणजे दर वेळी त्याच बाळाची वाढ त्याच्याच जुन्या मापाशी ताडता येईल. डॉक्टर ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणाले, तर चौदावा आठवडा उलटायच्या आत दुसऱ्या तज्ज्ञाला दाखव. तरीही ठरलं नाही, तर वार एकच आहे असं धरून तपासण्या करून घे.