दोनदा पाय टेकला, परत आरटीओला जाऊ का?

प्रश्न: ताई, माझं वय 47, सातारा जिल्ह्यात राहते. आईचे गुडघे गेलेत, ती माहेरी एकटीच असते, 9 किलोमीटरवर. एसटी दिवसातून दोनदाच, म्हणून स्कूटी शिकायचं मनावर घेतलं. लर्निंग काढलं, मुलाने मैदानावर शिकवलं, सरळ रस्त्याला बरी चालवते मी. पण आरटीओत आठचा आकडा काढताना दोन्ही वेळा पाय टेकला. दुसऱ्या वेळी मागे रांगेत कॉलेजच्या पोरी होत्या, त्यातली एक हसली, मलाच हसली की नाही देव जाणे. घरी आल्यावर हे म्हणाले, "जाऊ दे गं, आता काय वय आहे का तुझं, मी सोडत जाईन की." चांगल्या मनानेच म्हणाले पण मला रडू आलं. तेव्हापासून सारखं वाटतंय की मला कधी काही जमलंच नाही. बारावीला इंग्रजी राहिलं, शिवणक्लास अर्धवट सुटला आणि आता हे. परत जायची हिंमत होत नाही.

उत्तर: अहो, आठ काढताना पाय टेकला एवढंच तिथे झालं ना? बारावीचं इंग्रजी काय इन्स्पेक्टरने विचारलं नव्हतं. ते तुम्ही घरी आल्यावर जुन्या ट्रंकेतून काढलंत, मग शिवणक्लास काढला, आणि सगळे साक्षीदार एका बाजूने उभे केलेत. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतंच का? 46-47व्या वर्षी पहिल्यांदा गाडीचं हँडल धरून सरळ रस्त्याला चालवायला लागलेली बाई तर तुमच्याच पत्रात आहे, चौथ्या ओळीत, तिला मात्र तुम्ही "बरी चालवते" म्हणून एका दमात उडवून लावलंत.

आता तुम्हाला वाटतंय की आधी कॉन्फिडन्स येऊ दे मग जाते. तो असा घरात बसून येत नाही हो. अल्बर्ट बंडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1977 मध्ये हे मांडलं की "मला हे जमेल" हा भरवसा सगळ्यात पक्का बसतो तो स्वतः केल्याने, त्याखालोखाल आपल्यासारख्या कुणाला करताना बघून, आणि लोकांनी दिलेला धीर त्यामानाने कमीच टिकतो. सापाला घाबरणाऱ्या लोकांवर त्यांनी प्रयोग केले होते (आपल्याकडे नागपंचमीला सोपं गेलं असतं म्हणा), तर ज्यांनी हळूहळू पायरीपायरीने स्वतः साप हाताळला त्यांचा भरवसा नुसतं बघत बसलेल्यांपेक्षा जास्त वाढला. म्हणून मी तुम्हाला "तुम्ही करू शकता" वगैरे लिहीत बसत नाही, त्याने आजची संध्याकाळ बरी जाईल फक्त.

त्यापेक्षा हे करा. मैदानावर रांगोळीने आठ काढा. खरंच रांगोळीने, एवढी वर्षं दारात काढताय, हात बसलेला आहे. पहिल्या दिवशी आरटीओतल्यापेक्षा दुप्पट मोठा काढा, इतका ऐसपैस की पाय टेकायची वेळच येऊ नये. तो सलग पाच वेळा जमला की दुसऱ्या दिवशी थोडा लहान, मग अजून लहान, आणि शेवटी आरटीओतला आहे त्याहून जरासा आखूड. पाय कुठे टेकतो तेही बघा, बहुतेक वळणावर टेकत असेल, कारण घाबरलं की आपण पुढच्या चाकाकडे बघतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडून देतो, गाडी थांबायला आली की कलंडते. नजर पुढे, जिथे वळायचंय तिथे ठेवायची, अ‍ॅक्सिलरेटर अगदी थोडा पण एकसारखा, आणि वेग आवरायला मागचा ब्रेक हलका दाबून धरायचा. पुढचा ब्रेक वळणात नको. टेकलाच पाय तर रांगोळीवर तिथे एक ठिपका काढा, चार दिवसांनी ठिपके कुठे जमलेत ते दिसेल. "मला जमत नाही" आणि "मला डाव्या वळणाला जमत नाही" यात किती फरक आहे बघा, दुसऱ्यावर काम करता येतं.

एक दिवस मुलाला आणि शेजारच्या दोघीतिघींना बाजूला उभं करा आणि त्यांच्यासमोर काढा. टेस्टच्या दिवशी छाती धडधडते ती लोक बघतात म्हणून, मग ती सवय पण घरीच लावून घ्यायची.

यांना काय सांगायचं? भांडू नका, पण "मी सोडत जाईन" याचा अर्थ आईकडे कधी जायचं ते त्यांच्या वेळेवर ठरणार, हे शांतपणे एकदा बोलून घ्या. बहुतेक त्यांच्या ते डोक्यातच आलं नसेल.

आणि नियमाचं सांगते, नापास झाल्यावर 7 दिवसांनी परत टेस्ट देता येते, पण तीनदा नापास झालं तर पुढे 60 दिवस थांबावं लागतं. त्यामुळे ठिपके बंद झाले की मगच तारीख घ्या. लर्निंग 6 महिने चालतं, त्याच्यावरची तारीख आधी बघून घ्या म्हणजे झालं.

प्रश्न: सीए इंटरचा ग्रुप दुसऱ्यांदा गेला. एका पेपरला 61 आहेत पण बाकी दोन 38 आणि 34. घरी तोंड दाखवायची लाज वाटते, मित्रांचे फोन उचलत नाही. मी यासाठी बनलेलोच नाही का?

उत्तर: 61 तू "पण" लावून ढकलून दिलेस! अरे ग्रुपचे सगळे पेपर देऊन एखाद्यात 60 किंवा जास्त पडले तर त्याचं एक्झम्प्शन मिळतं, पुढच्या 3 वेळांपर्यंत तो पेपर द्यावा लागत नाही. म्हणजे आता तीन नाही, दोनच पेपर राहिले, आणि त्यातला एक पासिंगच्या 40 पासून 2 मार्कांवर आहे. हां, ग्रुपची बेरीज 50 टक्के लागते, तेव्हा नुसते 40-40 चालणार नाहीत, 34 वाल्याला जास्त वेळ दे.

लाज वाटणं मला कळतं, पण फोन न उचलता खोलीत बसलं की ती फुगत जाते. एका मित्राचा तरी उचल. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगावंसंच वाटत नसेल तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघायची नाही, सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, 24 तास, मराठीत बोलता येतं.

आणि आज रात्री जेवताना आईला सांग, एक पेपर सुटला म्हणून. तिला एक्झम्प्शन समजावून सांगावं लागेल बहुतेक.