पीएसआय व्हायचंय, तर आधी एलएलबी करावी का?

गरज नाही. एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक व्हायला कुठल्याही शाखेची पदवी चालते; बी.ए. मराठीवालाही होतो. निवड झाली की कायदा नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत शिकवतातच.

पण कायदा शिकलेल्याला फायदा होतो, आणि तो परीक्षेपेक्षा नोकरीत जास्त दिसतो. पंचनामा ढिसाळ झाला, जप्ती नीट नोंदवली नाही, की कोर्टात बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. शिवाय 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालेत. खुनाचं कलम 302 नाही, 103 आहे. फसवणुकीचं 420 जाऊन 318 आलं (बोलताना लोक 'चारसोबीस'च म्हणणार, ते सोडा). झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण आता बंधनकारक आहे. त्यामुळे जुन्या नोट्स रद्दीत घाला आणि या तिन्ही कायद्यांची मूळ पुस्तकं घ्या.

पदवी झाली असेल तर तीन वर्षांची एलएलबी तयारीसोबत करता येते, दमछाक होते खरी. उद्या पीएसआय नाही जमलं तरी सहायक सरकारी अभियोक्ता (कोर्टात सरकारची बाजू मांडणारा वकील) व्हायची वाट उघडी राहते. मैदानी चाचणीचा सराव मात्र आजच सुरू करा.