पाच हजार परत पाठवतोय

चिरंजीव पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या पगारातले पाच हजार आपल्या मुलींच्या वसतिगृहाच्या खात्यावर आले आणि पाठोपाठ तुझा मेसेज आला. आधी पैसे पाठवून मग ‘का पाठवायचे’ असं विचारणारी तूच पहिली. ऑफिसातला कुणी म्हणाला म्हणे, दानधर्म हे श्रीमंतांचं काम. आपण कर भरतो, खोलीचं भाडं भरतो, तेवढं पुरे. ज्यांच्याकडे हजारो कोटी आहेत त्यांनी द्यावं. ‘अण्णा, त्याचं चुकतंय का?’ एवढं सगळं मोबाइलवर टाइप करण्याइतकं माझं बोट चालत नाही, म्हणून कागद घेतला.

निम्मं तर बरोबरच आहे त्याचं. ज्याच्याकडे जास्त त्यानं जास्त द्यावं, यात वाद कसला? पगारदार माणसाला अपराधी वाटायला लावून पैसे काढणारी मंडळी मलाही आवडत नाहीत. पण त्या मुलानं एक गोष्ट गृहीत धरलीय, की श्रीमंताचा रुपया आणि तुझा रुपया एकच काम करतात, फरक फक्त आकड्याचा. तीस वर्षं वसतिगृहाची खजिनदारी केल्यावर मला तसं वाटत नाही.

आपल्या अंगणातला तो हॉल आठवतो ना, दाराशी संगमरवरी पाटी असलेला? एका मोठ्या देणगीदारानं बांधून दिला. भला माणूस. पैसे वेळेवर आले, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उद्घाटनाला मांडव, हार, फोटो, सगळं झालं. त्याच उन्हाळ्यात बोअरची मोटर जळाली. चाळीस मुली, आणि नळाला थेंब नाही. वाइंडिंगवाल्यानं आकडा सांगितला तो हॉलच्या खर्चापुढे किस झाड का पत्ता. मी त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, ‘अण्णा, पुढच्या वर्षी एखादी खोली बांधू या की!’ त्यांचा राग नाही मला. मोटरीवर पाटी लावता येत नाही, एवढंच. ती मोटर अखेर बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या शंभर-दोनशेंतून सुरू झाली.

मोठा पैसा भिंती उभ्या करतो, आणि त्या लागतातच. पण भिंतींच्या आत दर महिन्याला जे लागतं, म्हणजे सिलिंडर, लाइटबिल, मावशींचा पगार, कुणाचा चष्मा, ते फोटोत येत नाही. ते कुणी द्यायचं?

महर्षी कर्व्यांचं बघ. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. चार वर्षांनी सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव लागलं. त्या काळातले १५ लाख! कर्व्यांनी ते आनंदानं घेतले, ‘धनिकाचा पैसा नको’ असला बाणा दाखवला नाही. आणि तेच कर्वे १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढून लोकांकडून थोडी थोडी वर्गणी गोळा करत फिरू लागले. त्यांना दोन्ही दारं ठाऊक होती.

आपल्या साताऱ्याचं तर तुला सांगायला नको. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. हे आपण भाषणात ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती मूठभर धान्याची गोष्ट. बाईनं दळणाला बसताना एक मूठ बाजूला काढायची, संस्थेसाठी. दागिना एकदाच मोडता येतो, मूठ रोज निघते. आणि ज्या घरातून मूठ निघते त्या घराला ती शाळा आपली वाटते. मग तिथं मास्तर वेळेवर येतो की नाही, यावर सगळ्या गावाचं लक्ष राहतं.

तळेगावचा पैसा फंडही असाच. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, माणशी वर्षाला एक पैसा. त्यातून १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला आणि तिथे काम शिकलेले कारागीर पुढे ठिकठिकाणी गेले. ते काही दान नव्हे, स्वदेशी उद्योग होता, मान्य. पण एका पैशाची पावती ज्याच्याकडे आहे तो ‘आमचा कारखाना’ म्हणत असणार, याची मला खात्री आहे. माझ्या पावतीपुस्तकानंच मला ते शिकवलंय.

मंगळवारच्या बाजारात मेथी-शेपू घेऊन बसणारी एक मावशी दर महिन्याला वीस रुपये देते. कनवटीची नोट, घामानं ओलसर. तिला पावती वाचता येत नाही, पण मी ती फाडून हातात देईपर्यंत ती मला हलू देत नाही. घडी करून तराजूच्या खाली ठेवते. एकदा असाच पावती लिहीत होतो, कार्बन नीट बसत नव्हता, तर म्हणाली, ‘अण्णा, बोर्डिंगात पोरींना भाजी पुरत न्हाई व्हय? परवा दोघी आल्या हुत्या, उरल्यासुरल्याला.’ मी कानकोंडा झालो. संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन वही उघडली. भाजी पुरवणाऱ्याच्या बिलात रोजच्या पंधरा जुड्या. स्वयंपाकाच्या मावशींना म्हटलं, उद्या टोपली माझ्यासमोर मोजा. दहा निघाल्या. किती महिने चाललं होतं देव जाणे. माझ्या सह्या होत्या प्रत्येक बिलावर.

हॉलवाल्या देणगीदारानं त्यानंतर कधी विचारलं नाही की मुली काय जेवतात. विचारायचं कारणच काय? त्याची पाटी जागेवर होती. वीस रुपयेवालीनं विचारलं. म्हणून म्हणतो, तुझ्या त्या मित्राला सांग, द्यायचं ते हिशेब विचारायला मिळावा म्हणून.

आता दुसरी बाजूही ऐक, नाहीतर म्हणशील म्हातारा श्रीमंतांना सोडून देतोय. ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा कमावणाऱ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्यानं सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. चांगला कायदा आहे. पण ते ‘आमच्या उदारतेनं’ म्हणून छापतात तेव्हा मला हसू येतं. कायद्यानं करायचं ते कर्तव्य झालं. मोठ्या देणगीवर करात सवलत मिळते, म्हणजे त्या दानातला काही वाटा सरकारी तिजोरीचा, तुझा-माझा. थोडंसं हलवायाच्या घरावर तुळशीपत्रच. त्या मावशीला वीस रुपयांवर कुणी सवलत देत नाही.

आणि हिशेब विचारणं पैशांपुरतंच नाही. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, असा नियम आहे. किती जणांना माहीत आहे? तुझ्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या बाईंच्या घरी कुणी आजारी पडलं, तर तू एक दिवस रजा टाकून त्यांच्याबरोबर जा. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन काउंटरवर उभी राहा, आणि ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर लेखी मागून घे. तुझ्या पाच हजारांपेक्षा ते जास्त होईल.

तुझ्या पैशाचं सांगतो. आधी पोटोबा मग विठोबा, हे मी दान मागणारा माणूस असूनही म्हणतो. तुझ्या शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचंय, आणि आईचे दात काढायचेत हे तुझ्याच फोनवर ऐकलंय मी. कर्जावर व्याज चढत असताना एकरकमी दान देणं म्हणजे ऋण काढून सण. दुसरं, रडणाऱ्या लेकराचा फोटो आणि त्याखाली क्यूआर कोड आला की लगेच स्कॅन करू नकोस. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचार, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल माग. जी संस्था त्यावर रागावते तिला तुझ्या पैशाची गरज नाही. आमच्याकडेही माग, मी आत्तापर्यंत कुणाला नाही म्हटलेलं नाही. देणगीवरची करातली वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, तेव्हा त्या लोभानं देणार असशील तर आधी तुझी प्रणाली कोणती ते बघ.

म्हणून तुझे पाच हजार आज बँकेतून तुझ्या खात्यावर परत पाठवतोय. वाईट वाटून घेऊ नकोस. ते आईच्या दातांना लाव. तुला काही द्यायचंच असेल तर महिन्याला तीनशे पाठव, पण दर महिन्याला, न चुकता. आणि वर्षातून एकदा रविवारी ये. वही काढून ठेवीन. स्वयंपाकघरात बस, मुलींबरोबर जेव, मग वही बघ. मला भाजीच्या जुड्या मोजायला आता नीट दिसत नाही.

गॅसवाला पाच तारखेला येतो. पैसे त्याच्या आधी पोचतील असं बघ.

तुझा,
अण्णा